मंगळवारची देवी

१९८२ साली दिवाळी तोंडावर असताना राणीसावरगावात तंबूची टॉकीज आली. बायनाबाई दोन्ही सुनांना घेऊन सिनेमाला गेली. पडद्यावरच्या भित्र्या सुनेच्या अंगात देवी आली आणि तिने घरादाराला सरळ केलं, तेव्हा सगळा तंबू पोट धरून हसला. धाकटी मनकर्णा तेवढी हसली नाही. तिचा आवाज एरवी शेजारच्या खोलीतही जात नसे.

पुढच्याच मंगळवारी आरतीला मनकर्णा घुमू लागली. “बायने, ह्या लेकराला दिवाळीला म्हायेरी धाड!” ती गरजली. बायनाबाईने तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि सकाळी तिला एसटीत बसवून दिलं.

थोरल्या कमलबाईला बारा वर्षांत एकदाही दिवाळीला माहेर मिळालं नव्हतं. एसटी हलली तशी ती फणफणली, “आत्याबाई, देवी-बिवी काही न्हाई! सिनेमातलं सोंग केलं तिनं. तुमाला कळलं कसं न्हाई?”

बायनाबाई जाणाऱ्या एसटीकडे बघत म्हणाली,



“कळलं की. पण माझी सासू जिती व्हती तवा मला हे सुचलं न्हाई, म्हून तुझ्यापरीस जास्ती माझा जीव जळायलाय.”