पाहणीची खुर्ची

लेकीची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षीही चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला कॉलेजचे साहेब घर बघायला दारात आले, आणि त्यांना बसवायला घरात धड स्टूलही नव्हतं. आईने मागच्या दाराने शेजारणीची गादीची खुर्ची पळवत आणली. गादी कोमट लागली, पण विचारायला वेळ कुठला!

"अगं आई, ही बघून आपल्याला श्रीमंत समजतील ते! शिष्यवृत्ती जाईल माझी," लेक कुजबुजली.

"मग काय जमिनीवर बसवू त्यांना? चारचौघांत शोभेल का!"

साहेब बसले, हसले आणि त्यांनी अर्जावर सही केली.


"ताई, सकाळपासून या खुर्चीत तिसऱ्यांदा बसतोय. आता पुढच्या घरी पाठवा, मी जरा सावकाश चालतो."