भिंगरीवाचून

फोनवर शाळेचा नंबर दिसला की भिंगरीची आई उचलायच्या आधीच माफीची वाक्यं जुळवायला लागायची. लेक एका जागी बसेल तर शपथ! जुन्या शाळेत ती वर्गापेक्षा दाराबाहेरच जास्त वाढली. "नव्या इमारतीत हे चालायचं नाही. एक तक्रार आली की दाखला हातात," असं नव्या शाळेच्या बाईंनी बजावलं होतं.

आज तर भिंगरी घरीच होती, पांघरुणात, तापाने फणफणलेली. तरी फोन वाजलाच.

"भिंगरी का नाही आली?" बाईंचे दात कडकड वाजत होते.

"ताप आहे हो बाई. चांगला सणसणीत."

"ताप? अहो, मग तर पाठवाच!"

"अं?"

"पर्यावरणपूरक इमारत ना आमची! हीटर नाही, शेगडी नाही. जाड भिंती आणि पोरांच्या अंगची ऊब, एवढ्यावरच वर्ग उबदार राहायचा. बाकीची बसतात ठोकळ्यासारखी. ही एकटी नाचते, उड्या मारते, म्हणून भागत होतं. कालच आर्किटेक्ट ऊब मोजून गेले, ही एक म्हणजे तीन पोरं!" बाईंचा आवाज कापरा झाला. "पाठवा हो तिला. तिच्यावाचून वर्ग गार पडलाय."

आईने फोनचा स्पीकर लावून तो हळूच लेकीच्या उशाशी ठेवला.

"बाई, नीट ऐकू नाही आलं," ती म्हणाली, "शेवटचं तेवढं पुन्हा म्हणता?"