तिन्ही मॉडेलं

दुर्गेशभाऊंची जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घरासमोरच्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली होती, महिन्यात तिसऱ्यांदा. लहानू मिस्त्री वाडीहून जॅक घेऊन धावत आला, तर भाऊ त्यालाच मोबाईलवर या गाडीच्या तिन्ही मॉडेलांचे फोटो दाखवू लागले.

"आपली पहिल्या मॉडेलची. दुसऱ्यात टायर रुंद केले, तिसऱ्यात मागं पंख लावला. आता यातली कोणती घेऊ, सांग गा."

लहानूनं गाडीखाली डोकावून पाहिलं. "तिन्ही सारख्याच बुटक्या आहेत भाऊ. कोणतीही घ्या, इथंच अडकते. त्यापेक्षा हा ब्रेकरच काहून नाही फोडत?"

"फोडू?" भाऊ उखडले. "नगरसेवकाच्या मागं लागून मीच बसवून घेतला ना तो! लोकं माझ्या घरापुढून सुसाट गाड्या पळवून राहिले होते."