भिवराबाईचं कासव

जाळं काठाला लागलं तसा आसाराम ओरडलाच, "घावलं बे! काकूचं कासव घावलं!"

तडफडणाऱ्या रोहूंच्या मधोमध ते पाय झाडत होतं. ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. पाठीच्या डाव्या कडेला विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपानं उडालेला टवका होता. होळीच्या सुमारास भिवराबाईच्या विहिरीचा तळ उघडा पडला, तेव्हा तिनं ते घमेल्यात घालून, डोक्यावरून आणून तलावात सोडलं होतं. वीस वर्षं तिच्या विहिरीचं पाणी स्वच्छ ठेवत आलेला जीव. पाणी आलं की परत न्यायचा, असं ठरलेलं. आता तलावाचंही डबकं झालं होतं आणि सोसायटीनं उरलीसुरली मासळी ओढून घ्यायचं ठरवलं होतं. काकूनं आसारामचा, आपल्या पुतण्याचा, हात धरून बजावलं होतं, "मासे किती बी मारा. माझं तेवढं जित्तं दे."

मच्छीमार सोसायटी यंदाचीच. दुष्काळानं ऊसतोड अर्ध्यावर आटोपली म्हणून गावातल्या सतरा जणांनी मिळून तलाव ठेक्यानं घेतलेला. त्यातल्या सोळांनी जन्मात मासा फक्त कालवणात पाहिलेला. जाळ्याची माहिती असलेला एकटा सिदू, आणि तो पहिली खेप घेऊन टेंपोनं केजला गेला होता.

"ठिव की काठाला," त्रिंबक म्हणाला.

"ह्या उनात? पाण्यातला जीव हाय तो. वाळून मरंल," आसाराम त्याच्यावर खेकसला.

त्यानं मासे ठेवायची जाळीची पिशवी घेतली, कासव अलगद आत सोडलं आणि तोंड दोरीनं आवळलं. पिशवी वर येऊन त्याला ऊन लागू नये म्हणून आत एक दगडही घातला. मग कमरेएवढ्या पाण्यात, सगळ्यात खोल आणि गार जागा शोधून ती तळाला ठेवली. दोरीचं टोक काठावरच्या बाभळीला बांधलं. स्वतःच्या पोरालाही त्यानं कधी इतकं जपलं नसेल.

दिवसभराच्या कामात तो मधूनमधून दोरीला हात लावून यायचा. आधी दोरीला हिसके बसत होते. नंतर बसेनासे झाले.

"रुळलं बघ आता," तो त्रिंबकला म्हणाला आणि खुशीत पुन्हा जाळ्याकडे वळला.

दुपार कलताना भिवराबाई आली, ती घमेल्यात ओलं पोतं घालूनच. सिदूही तेव्हाच टेंपोतून उतरला. आसारामनं ऐटीत दोरी ओढली, पिशवी उघडली आणि कासव काकूच्या हातात दिलं.

मान लोंबली. पायही लोंबले. आसारामनं ते घाईघाईनं परत घेतलं, हलवलं, पालथं केलं. तोंडातून पाणी गळलं.

"निजलंय," तो म्हणाला, पण आवाज त्याचा त्यालाच खरा वाटला नाही.

सिदूनं पिशवीतला दगड बाहेर काढला. "कवापासून ठिवलंस बुडवून?"

"सकाळधरनं. कावून?"

"आरं, मासा हाय का ते? वर तोंड काढून दम घ्यावा लागतो त्याला. रत्नागिरीला मी दोन साल ट्रॉलरवर व्हतो. झिंग्याच्या जाळ्यात परातीएवढाली कासवं यायची. अशीच. बुडून मेलेली."

कासव पाण्यात बुडून मरतं, हे आसारामच्या डोक्यात शिरेचना. हिसके बसणारी ती दोरी मात्र शिरली.

"मी पाण्यातच ठिवलं व्हतं, काकू," तो म्हणाला. "पाण्यातच."

भिवराबाईनं कासव त्याच्या हातातून घेऊन घमेल्यात ठेवलं आणि ओलं पोतं त्याच्यावर नीट पांघरलं.

"बादली सोडाया गेलं की वर यायचं," ती म्हणाली. "तोंड काढून ऱ्हायचं. वीस वरसं मला वाटलं, मलाच बघाया येतंय."