कानसेनांचा कान

"शिट्टी येत नाही," ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसलेले कानसेन तिसऱ्यांदा म्हणाले.

"येते," शेजारच्या सीटवरून दातांच्या डॉक्टरीणबाईही तिसऱ्यांदा म्हणाल्या. "अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. दिवसभर दवाखान्यात ड्रिलची शिट्टी ऐकते मी. घरी जाताना गाण्यातही तीच ऐकायची का?"

कानसेनांनी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. ढोल छातीवर आदळला, गायिकेचा आवाज स्वच्छ लागला. शिट्टीचा पत्ता नाही. गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टीम बसवण्यात त्यांची हयात गेली होती. गाडी दारातून आत येतानाच कुठला स्पीकर फाटलाय ते सांगत, आणि समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगत राहत. 'कानसेन' हे नाव गिऱ्हाइकांनी थट्टेत दिलं होतं. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं.

"बाई, ती शिट्टी तुमच्या कानात आहे. डॉक्टरला दाखवा."

"मी डॉक्टर आहे."

"दातांच्या."

दुकानाच्या काउंटरमागे वायरी गुंडाळत बसलेली त्यांची बायको उठली. तिने डिकी उघडली, गालिचा उचलला आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर ज्या बोल्टने पत्र्याला कसली होती तो सोडवला. खाली गाडीचा रंग तसाच होता. रंगामुळे वायर पत्र्याला धड टेकत नाही, आणि इंजिनाची किरकिर थेट स्पीकरमध्ये घुसते. कधीकधी घाईत रंग खरवडायचा राहतो, हे कानसेनांना माहीत होतं. म्हणून तर शेवटी ते कान लावून खात्री करत.

तिने पत्रा चकाकेपर्यंत घासला. बोल्ट आवळला.

"आता दाबा."

त्यांनी दाबला. तोच ढोल, तोच आवाज. काडीचा फरक नाही. पण डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"गेली," त्या म्हणाल्या.

कानसेन गाडीतून उतरले आणि बाई गाडी घेऊन गेल्यावरही स्टुलावर बसून राहिले.

"तुला येत होती ऐकू?"

"समोरच्या न्हाव्यालाही येत होती."

मग पुढची गाडी दारात येऊन उभी राहिली. कानसेनांनी शर्ट नीट केला, घसा खाकरला.

"हे बघ," ते हळूच म्हणाले, "यापुढे मी वायरी जोडतो. तू ऐक, लागलं तर गुपचूप नीट कर. गिऱ्हाइकाला मात्र मीच सांगणार. लोक माझ्या कानावर विश्वास ठेवून येतात."

"सात वर्षं तसंच तर चाललंय," बायको म्हणाली. "ही एकच गाडी सुटली. बाईंच्या गाडीचं काम झालं त्या दिवशी मी बहिणीकडे गेले होते."