वाढवलेला आकडा

महिपती दिवाणजींनी मोबाइलवर आठ लाख हा आकडा टाइप केला आणि पुसून टाकला. पुन्हा टाइप केला. खरा आकडा पाचचा होता.

"पाठवा की एकदाचा," शेजारी बसलेल्या वैजयंती वकीलबाई म्हणाल्या. "त्याला राग यायला पाहिजे. रागाच्या भरात तो लिहील, आठ कुठले, पाचच तर घेतले होते. एवढं लिहिलं की कर्ज कबूल झालं. मग तिथून पुढं दाव्याला नवी तीन वर्षं मिळतात."

वकीलबाई गल्लीतल्याच होत्या. फी घेत नव्हत्या, त्यामुळं त्यांना उलट बोलायचीही सोय नव्हती.

दिवाणजी आता पुरते कंटाळले होते. त्यांच्या बायकोचे, गोजरबाईंचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि ऑपरेशनचे पैसे विरुपाक्षाकडं अडकून पडले होते. विरुपाक्ष अक्कलकोटकडचा टेम्पोवाला. दिवाणजी सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर हिशेब लिहायचे, तेव्हापासूनची ओळख. स्वतःच्या बायकोच्या आजारपणात त्यानं हात पसरले आणि दिवाणजींनी जन्माच्या पुंजीतून चेक फाडून दिला. पुढं बायकोला आणि टेम्पोला घेऊन तो कर्नाटकात कलबुर्गीला गेला. आधी फोनवर 'बघतो की दिवाणजी' म्हणायचा. मग फोन उचलायचाच बंद झाला.

तरी दिवाणजी निर्धास्त होते. यार्डातल्या चहाच्या टपरीवर कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं, की देणेकरी दुसऱ्या राज्यात गेला की दाव्याची मुदत थांबते, तो परत येईस्तोवर. टपरीवरचा कायदा तो. वकीलबाईंनी ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, माणूस देश सोडून गेला तर तेवढे दिवस वगळतात. कलबुर्गी काय दुबईत आहे का? तीन वर्षं पुढच्या महिन्यात भरतात. मग त्या चेकची नोंद घेऊन नाचलात तरी कोर्ट ऐकणार नाही. दावा तरी लावा, नाहीतर त्याच्याकडनं लेखी कबुली तरी घ्या."

दावा म्हणजे खर्च, तारखा आणि खेटे. कोर्टाच्या पायऱ्या चढायला दिवाणजींचेही गुडघे काही नवे नव्हते. म्हणून मग ही कबुलीची युक्ती निघाली होती.

पण बोट काही बटणावर पडेना. अडतीवर शेतकरी मालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, घ्यायचे आणि न बघता खिशात घालायचे. दिवाणजींनी लिहिलंय ना, मग झालं, पुन्हा बेरीज करून बघणं म्हणजे त्यांचा अपमान. यार्डात हा रिवाजच होता. उभ्या आयुष्यात त्यांनी रुपया इकडचा तिकडं केला नव्हता आणि आता म्हातारपणी सरळ तीन लाख वाढवायचे. लाज वाटली त्यांना, चांगलीच लाज वाटली. तेवढ्यात आतून भिंत धरत धरत चालणाऱ्या गोजरबाईंचं कण्हणं ऐकू आलं. त्यांनी मेसेज पाठवून दिला.

'तुझ्याकडे माझे आठ लाख येणे आहेत. कधी देतोस ते लिहून कळव.'

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर मात्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

"बेरकी दिसतोय," वकीलबाई म्हणाल्या. "कुणीतरी पढवलेला आहे. चला, दाव्याच्या तयारीला लागू."

दिवाणजी नुसतं 'हं' म्हणाले. पैसे गेले ते गेले आणि वर खोटं बोलल्याचं पाप पदरात पडलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. जेवणावरची वासनाच उडाली.

त्या आठवड्यातच एका सकाळी विरुपाक्ष दारात येऊन उभा राहिला. वाळून अर्धा झालेला, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या तो दिवाणजींच्या पाया पडला आणि पिशवी गोजरबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"आठ हायती," तो म्हणाला. "फोन उचलत नव्हतो, राग धरू नका. रिकाम्या हातानं काय बोलायचं तुमच्यासंगं?"

दिवाणजींच्या तोंडचं पाणीच पळालं. "आठ घेतले होते, हे तुझ्या ध्यानात होतं?"

"न्हाय की. मी पाचच धरून चाललो हुतो. बायको बी म्हणली, पाचच हायती. मी म्हणलं, गप बस. दिवाणजींनी सांगितलेला आकडा आपण तपासायचा व्हय? तिच्या दुखण्यात माझंच ध्यान ठिकाणावर नसंल."

गोजरबाईंना पाच ठाऊक होते. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि पिशवीवरचा हात काढून घेतला.

दिवाणजींनी ठरवलं, सगळं सांगून टाकायचं. वरचे तीन लाख आत्ताच्या आत्ता त्याच्या हातात परत द्यायचे, पाय धरावे लागले तरी धरायचे. निदान तेवढं तरी निस्तरता येईल. पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "टेम्पो कुठं लावलास? गल्लीत दिसंना."

"इकला की, दिवाणजी," विरुपाक्ष म्हणाला. "पाच लाख जमवून ठेवलेच हुते, पाडव्याला घेऊन येणार हुतो. वरच्या तिनापायी टेम्पो काढावा लागला."