आवरणं आणि सावरणं

नातीनं मला चाचणीच्या ट्रॅकवर नेलं आणि एका बुटक्या स्पोर्ट्स कारच्या स्टीअरिंगपुढे बसवलं. ट्रॅकवर मुद्दाम पाणी सोडलं होतं. गाडी घसरू लागली की आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा तिनं जुळवली होती. संध्याकाळपर्यंत ती मंजूर झाली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"सगळे म्हणतात, काहीतरी खटकतंय. काय ते कुणालाच सांगता येत नाही. घाटातल्या शर्यती जिंकलीस ना? मग तू सांग."

"पन्नास वर्षं झाली गं त्याला," म्हणत मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. मागची चाकं सरकतायत न सरकतायत, तोच गाडीनं माझा कान धरला.

"अगं, ही सावरत नाही, आवरते! जरा घसरू तर दे मला."

ती शेजारी बसून लॅपटॉपवर आकडे बदलत राहिली. तिसऱ्या फेरीत गाडीची मागची बाजू झोकात सुटली, मी स्टीअरिंग उलट फिरवलं आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. पुन्हा तसंच. पुन्हा! चोविसाव्या वर्षी ओरडायचे तशी मी ओरडले.

थांबल्यावर ऐटीत विचारलं, "बंद केली होतीस ना यंत्रणा? एकटीनं सावरली की नाही मी?"

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "चालू होती, आजी. अकरा वेळा तिनंच सावरलं."

माझा चेहरा पडला. ती मात्र बसल्या जागी नाचायला लागली.

"तुला कळलंच नाही ना? जमलं, आजी, जमलं!"